पाच आकारांत नाशिक

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एक फिटर होते. गाव बागलाणातले, सटाण्याच्या बाजूचे. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी. नाशिकला येऊन त्यांनी आयटीआय केले, कारखान्याच्या टूलरूममध्ये लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. कॉलनीतली मुले त्यांना फिटरकाका म्हणत. आपणही त्यांना त्याच नावाने ओळखू.

ऐंशीच्या दशकात त्यांच्या कारखान्यात पहिले सीएनसी यंत्र आले. तोवर लोखंड कापायचे ते माणसाच्या हाताच्या अंदाजाने. या यंत्राला मात्र अक्षरांत आणि आकड्यांत सांगायचे असे. ‘जी शून्य शून्य’ म्हणजे हत्यार झटकन त्या जागी ने. ‘जी शून्य एक’ म्हणजे सरळ रेषेत कापत जा. ‘जी शून्य दोन’ म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळत जा. सगळ्यांना आठवडाभर प्रशिक्षण मिळाले. कोणते बटण कधी दाबायचे हे लोक शिकले आणि कामाला लागले. ते पुरेसेही होते.

फिटरकाकांना पुरेना. कागदावर लिहिलेले अक्षर लोखंडापर्यंत पोचते कसे, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. प्रशिक्षकाला विचारले तर तो म्हणाला, “आत कॉम्प्युटर आहे.” काका म्हणाले, “ते कळलं हो. पण त्या कॉम्प्युटरच्या आत काय आहे?” प्रशिक्षकाला त्याच दिवशी मुंबईला परतायचे होते.

त्या काळी ब्रिटनमधला सिंक्लेअर स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक भारतात परवान्याने तयार होऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकला जात होता. कोणीतरी घेतलेला आणि कंटाळून बाजूला टाकलेला असा एक स्पेक्ट्रम काकांना जुना म्हणून मिळाला. दिवाळीचा बोनस त्यात गेला. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “आणलाच आहे तर आता नीट शिका तरी.”

त्या यंत्राची स्मृती होती 48 किलोबाइट. आज मोबाइलने काढलेला एक साधा फोटो त्यात मावणार नाही. पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा आणि प्रोग्राम जपून ठेवायचा तो गाण्यांच्या कॅसेटवर. टेपरेकॉर्डरच्या आवाजाची पातळी जरा चुकली की तो परत वाचला जात नसे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. भाषा होती बेसिक. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी ती 1964 मध्ये तयार केली होती. विज्ञानाचे विद्यार्थी नसलेल्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू. सातपूरचा फिटर त्यांच्या मनात नक्कीच नसेल, पण ती भाषा त्याच्याही हाती आली.

पाढे, कॉलनीतल्या भिशीचा हिशेब, पाण्याच्या पाळ्या, असे करता करता काकांना एक वेगळीच ओढ लागली. या यंत्राने मराठी लिहावे.

स्पेक्ट्रममध्ये स्वतःची चिन्हे काढायची सोय होती. आठ आडवे, आठ उभे असे 64 ठिपके. जो ठिपका उमटवायचा तिथे एक, बाकी शून्य. पण अशा चिन्हांना जागा होत्या फक्त 21. काका गणिताची चौकटीची वही घेऊन बसले. क, ख, ग, घ असे काढत गेले आणि अर्ध्या वाटेत जागा संपल्या. त्यात काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरलेलीच नव्हती. वही कपाटात गेली.

पुढे कसल्याशा दाखल्यासाठी काका जिल्हा न्यायालयात गेले. बाहेर ओळीने टंकलेखक बसले होते. त्यातले एक वयस्क गृहस्थ मराठी टाइपरायटरवर अर्ज टंकत होते. काका त्यांच्या बोटांकडे बघत राहिले आणि आपले कामच विसरले. टंकलेखकाने मान वर करून विचारले, “काय पाहिजे?”

“एवढ्याशा यंत्रात सगळी मराठी मावते कशी?”

ते गृहस्थ हसले. “अहो, इथे पूर्ण ग नाहीच. अर्धा ग मारायचा, पुढे काना मारायचा, झाला ग. आणखी एक काना मारला की झाला गा. न, म, स, त, प, सगळ्यांचं तसंच. काना एकच, तो सगळ्यांना पुरतो. आणि लक्षात ठेवा, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. रफार मारायचा अक्षर झाल्यावर.”

काकांनी घरी येऊन वही काढली. अर्धा न, अर्धा श, पूर्ण क, ऱ्हस्व वेलांटी आणि काना. पाच आकार. अर्धा न, काना, काना, वेलांटी, अर्धा श, काना, क, असे सात घरांत ते मांडले आणि टीव्हीच्या पडद्यावर अक्षरे उमटली: नाशिक.

ती चौकटीची वही काकांनी जपून ठेवली. तिच्यात नुसते आकार नव्हते. प्रत्येक आकाराशेजारी तो असाच का, हे लिहिलेले होते. ही सवय टूलरूमची. तिथे एखादे हत्यार बनवले की त्याचे ड्रॉइंग जपून ठेवावे लागते, कारण हत्यार झिजते आणि पुन्हा बनवायची वेळ येतेच.

पुढची वर्षे भरभर गेली. स्पेक्ट्रम बंद पडला. काकांनी एका क्लासमध्ये संध्याकाळी संगणक दुरुस्त करून द्यायचे आणि त्या बदल्यात रात्री एक यंत्र वापरायचे असा सौदा केला. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावरून ते सी भाषा शिकले. इंग्रजी अडायचे, तिथे शब्दकोश घेऊन बसायचे. 1996 मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सची सीडी आली आणि एक मोठे दार उघडले. लिनक्सचा गाभा कोणालाही वाचता येतो, कोणालाही सुधारता येतो. 1991 मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तो सुरू केला, तेव्हा हा आपला नुसता छंद आहे असेच त्याने जगाला कळवले होते. काकांना हे वाचून फार धीर आला. पुढे ते पायथन शिकले. ती भाषासुद्धा गिदो व्हॅन रॉसम यांनी 1989 च्या नाताळच्या सुट्टीत छंद म्हणून करायला घेतली होती.

काकांचा पुतण्या हुशार. नाशिकलाच इंजिनिअर झाला आणि पुण्यात मोठ्या कंपनीत लागला. काकांवर त्याचा जीव होता, म्हणूनच एकदा सुट्टीत आला तेव्हा त्याने मनातले विचारले.

“काका, रागावू नका. इतकी वर्षं तुम्ही हे करताय. सर्टिफिकेट नाही, पगार नाही, बढती नाही. माझ्याबरोबरचे लोक सहा महिन्यांत एक टूल शिकतात आणि पगार वाढवून घेतात. तुम्ही या सगळ्यातून मिळवलंत काय?”

काकांनी थोडा विचार केला. “अरे, तू पोटासाठी शिकतोस, ते योग्यच आहे. घर चालवायचं आहे तुला. माझं पोट कारखान्यानं भरलं. मग एखादी गोष्ट तळापर्यंत बघायला मला कोणाची घाई नव्हती. मिळवलं ते एवढंच.”

पुतण्याला उत्तर पटले नाही, पण तो गप्प राहिला.

काकांना सटाण्याकडे प्राथमिक शाळेत शिकवणारे एक गुरुजी आता नाशिकला, सराफ बाजाराजवळच्या एका जुन्या वाड्यात, मुलाकडे राहत होते. या गुरुजींनी एक मोठे काम केले होते. बागलाण, कळवण, मालेगाव, देवळा या भागांत बदल्या होत गेल्या तसतसे ते म्हाताऱ्या माणसांशेजारी बसून अहिराणी शब्द टिपत गेले. मुलीला ‘आंडेर’, मुलाला ‘आंडोर’, सगळ्याला ‘बठ्ठा’ म्हणणारी ही बोली. शेतीची अवजारे, धान्याच्या जाती, वाऱ्यापावसाची नावे, नाती, शिव्यासुद्धा. प्रत्येक शब्दासमोर अर्थ, गाव आणि वापरातले एक वाक्य. नव्वदच्या दशकात त्यांनी पदरचे पैसे घालून हे सगळे एका डीटीपीवाल्याकडून टंकून घेतले. छपाईला पैसे उरले नाहीत. पुस्तक निघाले नाही. वह्या राहिल्या, आणि डीटीपीवाल्याने दुकान बंद करताना दिलेली एक सीडी राहिली.

ऑगस्ट 2019 मध्ये गोदावरीला पूर आला. नाशिकमध्ये पुराचे माप सांगायला दुतोंड्या मारुतीचा पुतळा असतो. पाणी त्याच्या कमरेला लागले की लोक सामान हलवू लागतात. त्या दिवशी मारुती पाण्यात गेला आणि पाणी सराफ बाजारात शिरले. वाड्याच्या तळमजल्यावर पत्र्याच्या पेटीत गुरुजींच्या वह्या होत्या. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तेव्हा शाई पसरून पाने एकमेकांना चिकटली होती. एका दिवाळी अंकासाठी कधीकाळी छापून घेतलेले नमुन्याचे एक पान तेवढे वरच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. आणि ती सीडी.

फिटरकाका भेटायला गेले. गुरुजी म्हणाले, “बाळा, तू कॉम्प्युटरचं बघतोस ना? हे बघ काही होतं का.”

सीडी वाचली गेली. फाइल उघडली. आत होती रोमन अक्षरे, आकडे, स्वल्पविराम, कसली कसली चिन्हे, आणि त्यांचा कशाशी काही मेळ नव्हता.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. आज जगभर युनिकोड नावाची एकच ठरलेली यादी चालते आणि तीत देवनागरीचा स्वतंत्र विभाग आहे. क म्हणजे 2325, र म्हणजे 2352, ऱ्हस्व वेलांटी म्हणजे 2367. नाशिकला टंकलेला क न्यूयॉर्कमध्येही क म्हणूनच उघडतो. पण नव्वदच्या दशकात आपल्या छापखान्यांत चालणारे फाँट असे नव्हते. ते इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवत. संगणकाच्या दृष्टीने तिथे एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असे आणि त्याचे चित्र मात्र अर्ध्या ग चे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. तो फाँट हाताशी असेल तर मजकूर मराठी, नसेल तर कचरा. त्या सीडीवर फाँट नव्हता.

काकांनी पुतण्याला फोन केला. त्याने मनापासून खटपट केली. असा मजकूर युनिकोडमध्ये आणून देणारी तयार साधने असतात, ती त्याने एकामागून एक लावून पाहिली. ती सगळी ओळखीच्या फाँटसाठी बनवलेली. हा कुठला फाँट होता, हेच कळायला मार्ग नव्हता. शनिवारी तो नाशिकला आला आणि म्हणाला, “काका, फाइलच खराब झालीय. बघा ना, प्रत्येक विभागात मध्येच कितीतरी ओळी एकाच चिन्हानं सुरू होतात. शब्दकोशात असं कसं असेल? आता यात काही राहिलं नाही.”

काका त्या ओळींकडे बघत राहिले. मग उठले, कपाट उघडले आणि चौकटीची वही काढली.

“हा शब्दकोश आहे ना? क च्या विभागात सगळे शब्द क नं सुरू व्हायला हवेत. पण ‘किडा’ टंकताना बोट पहिल्यांदा कशावर पडतं?”

पुतण्या गोंधळला.

“वेलांटीवर. न्यायालयाबाहेरच्या एका माणसानं मला सांगितलं होतं. ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर नंतर. क मध्ये ‘किडा’, ग मध्ये ‘गिधाड’, प मध्ये ‘पिशवी’. म्हणून प्रत्येक विभागात तेच चिन्ह ओळीच्या सुरुवातीला येतंय. फाइल खराब नाही. ती वेलांटी आहे.”

मग कामाला दिशा मिळाली. फाइलमध्ये सर्वांत जास्त वेळा आलेले चिन्ह कोणते, ते मोजले. तो काना असणार हे काकांना आधीच ठाऊक होते, कारण ग, म, न, प, स सगळी त्याच्यावाचून अपुरी. शब्दकोश अकारविल्हे लावलेला, त्यामुळे ओळींची पहिली चिन्हे ज्या क्रमाने बदलत गेली तो क्रम म्हणजे वर्णमालाच. उरलेल्या जागा नमुन्याच्या त्या एका पानावरून भरल्या. जिथे अडले तिथे काका अर्धवट उलगडलेला शब्द घेऊन गुरुजींकडे जात आणि गुरुजी तो पुरा करून देत.

चिन्हे ओळखली तरी काम संपले नव्हते. जुन्या मजकुरात क्रम दिसण्याचा होता, युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर साठवली जाते आणि रफाराचा र अक्षराच्या आधी. पुतण्याने पटकन प्रोग्राम लिहिला: वेलांटी दिसली की एक अक्षर पुढे न्या. ‘किडा’ नीट आला आणि ‘स्थिती’ मोडली, कारण वेलांटी अर्ध्या स लाच जाऊन चिकटली. काका म्हणाले, “अर्धं अक्षर एकटं उभं राहत नाही, पुढच्याला धरून असतं. पूर्ण अक्षर येईपर्यंत तिला थांबू देऊ नकोस.” रफाराचे याच्या उलट. ‘सर्वांनी’मध्ये रफाराला कान्यावरून आणि व वरून उडी मारून मागे जावे लागते. ‘ऊर्ध्व’मध्ये तर व आणि अर्धा ध दोन्ही ओलांडावे लागतात. एकेक नियम सापडत गेला तसा वहीत लिहिला गेला, कारणासकट.

पावसाळा सरला, दिवाळी जवळ आली तेव्हा मजकूर पूर्ण उलगडला होता. काकांनी त्याची छापील प्रत गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींनी चष्मा लावला आणि वाचू लागले. एका पानावर थांबून म्हणाले, “इथं गावाचं नाव चुकलंय.” काका घाबरले. गुरुजी म्हणाले, “तुझी चूक नाही रे. माझीच आहे. तेव्हाच दुरुस्त करायची राहिली होती. आता करता येईल.”

शब्दकोशाच्या प्रती केल्या गेल्या. एक गुरुजींकडे, एक काकांकडे, एक पुण्यात पुतण्याकडे, आणि ज्याला हवी त्याला मोकळेपणाने. सोबत तो प्रोग्राम आणि वहीतले नियमही दिले, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाची फाइल अशीच अडली तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये.

परत निघताना पुतण्या म्हणाला, “काका, मागे मी विचारलं होतं ना, काय मिळवलंत म्हणून. मी शिकलेल्या चार साधनांपैकी तीन आज कोणी वापरत नाही. तुमचा स्पेक्ट्रम तर कधीच बंद पडला, पण त्यावर शिकलेलं आज उपयोगी पडलं. असं कसं?”

काका म्हणाले, “मी स्पेक्ट्रम शिकत नव्हतो रे. अक्षर यंत्रात कसं राहतं, ते शिकत होतो. यंत्र बदललं. प्रश्न तोच राहिला.”

त्या दिवाळीनंतर पुतण्याने एक नेम धरला. नोकरीसाठी जे लागते ते तो शिकतोच, पण त्यातली एखादी गोष्ट तळापर्यंत बघायची आणि कारणासकट लिहून ठेवायची.

तात्पर्य असे: कोणते बटण दाबायचे हे शिकलेला माणूस रोजच्या कामाला येतो, बटणामागे काय घडते हे शिकलेला माणूस नडीला येतो. समाजाला दोघेही हवेत. पण दुसरा माणूस पगारातून तयार होत नाही, तो छंदातून तयार होतो. म्हणून आपल्या घरात कोणी फायदा न बघता एखाद्या गोष्टीच्या मागे लागले असेल, मग ते दहा वर्षांचे पोर असो की साठीचे आजोबा, तर ‘याचा उपयोग काय’ असे विचारून त्याचा हात थांबवू नका. त्याला वेळ द्या, आणि जे कळले ते लिहून ठेवायला सांगा.

आणि एक काम आजच करा. तुमच्या घरात, शाळेत, वाचनालयात, छापखान्यात जुन्या फाँटमध्ये टंकलेले मराठी असेल, कोणाचा शब्दसंग्रह, कोणाची वंशावळ, गावाचा इतिहास, तर त्या सीड्या आणि फ्लॉपी बाहेर काढा. फाँट सापडला तर तोही जपा, छापील पान असेल तर तेही जपा, आणि मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्या. टंकून घेणारी आणि टंकणारी माणसे अजून आपल्यात आहेत, विचारायला जाता येते. पूर येण्याची वाट बघू नका.